साडेसहा गुंठ्यांतला एक तास

पत्राचा सारांश : कांदिवलीला राहणाऱ्या आणि नरिमन पॉइंटला बँकेत नोकरी करणाऱ्या 39 वर्षांच्या वाचक लिहितात, "माझं बालपण सोलापूरला गेलं. वडील पाटबंधारे खात्यात होते. ऑफिसर्स क्लबच्या मातीच्या कोर्टवर त्यांनीच मला टेनिस शिकवलं. कॉलेजच्या टीमपर्यंत पोचले, मग नोकरी, लग्न, मुलगा, आणि 16 वर्षं रॅकेट माळ्यावर. मागच्या दिवाळीत माळा आवरताना ती हातात आली आणि पुन्हा खेळावंसं वाटायला लागलं. तेव्हापासून घराजवळ कोर्ट शोधतेय. जिमखान्यांची मेंबरशिप लाखांत आहे. अकॅडमीवाले म्हणतात, बॅचेस फक्त मुलांच्या. एक खासगी कोर्ट मिळालं, तर तासाला 600 रुपये, आणि समोर खेळायला कुणी नाही. आमच्या सोसायटीत एक कोर्ट होतं, त्यावर यंदा पिकलबॉलच्या, म्हणजे छोट्या कोर्टवर फळीसारख्या बॅटने खेळायच्या खेळाच्या, रेषा पडल्या. माझी आतेबहीण न्यूयॉर्कला बागेतल्या कोर्टवर खेळते, तिच्या फोटोंकडे बघत बसते. नवरा म्हणतो, बॅडमिंटन खेळ की. पीएफमधून पैसे काढून मेंबरशिप घ्यावी, की हा नाद सोडून द्यावा? आपल्यासारख्यांचा हा खेळच नाही का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला लागलं. सोलापूरला सकाळी फक्कीच्या रेषा मारून झाल्यावर वडिलांच्या समोर जाऊन उभी राहणारी मुलगी असं काही विचारत नव्हती. हा प्रश्न तुम्हाला मुंबईत आल्यावर, फोनवर आठ-दहा नकार ऐकल्यावर पडलाय. त्यामुळे आधी त्याचंच बघू.

टेनिसचं कोर्ट 78 फूट लांब आणि डबल्ससाठी 36 फूट रुंद. पण तेवढ्यात खेळता येत नाही. मागे धावायला आणि बाजूला सरकायला जागा लागते, म्हणून एका कोर्टाला साधारण 120 फूट बाय 60 फूट जागा धरतात. म्हणजे 7,200 चौरस फूट, आपल्या हिशोबाने साडेसहा गुंठे. आणि त्यावर एका वेळी माणसं खेळणार दोन, फार तर चार. बॅडमिंटनचं कोर्ट 44 फूट बाय 20 फूट, पिकलबॉलचंही तेवढंच. टेनिसच्या एका कोर्टाच्या जागेत पिकलबॉलची चार कोर्ट बसतात आणि 16 जण खेळतात. जिथे माणसं दहा बाय बाराच्या खोलीत संसार करतात, त्या शहरात हा खेळ कुठे आणि का आक्रसत गेला, हे या आकड्यांत दिसतं. तुमचा पगार, तुमचं गाव, तुमचं वय यांचा त्यात काही संबंध नाही. जागा महाग आहे, एवढंच. म्हणून तुम्हाला शोधायचाय तो कुणाच्या तरी साडेसहा गुंठ्यांतला आठवड्याचा एक तास. साडेसहा गुंठे शोधायला निघालात तर पीएफसुद्धा पुरणार नाही.

आता आतेबहिणीच्या फोटोंबद्दल. न्यूयॉर्कच्या बागांमधली कोर्ट खरोखरच सार्वजनिक आहेत, एकट्या सेंट्रल पार्कमध्ये 30 आहेत. पण तिला विचारून बघा. एप्रिल ते नोव्हेंबर या हंगामात तिथे खेळायला शहराच्या उद्यान खात्याचा परवाना काढावा लागतो, त्याचे पैसे भरावे लागतात आणि बाहेर लोक थांबलेले असले तर सिंगल्सवाल्यांना तासाभराने कोर्ट सोडावं लागतं. तिथलं सार्वजनिक म्हणजे दर जाहीर, नियम सगळ्यांना एकच आणि रांगेत उभं राहिलं की नंबर लागणार याची खात्री. ती खात्री मुंबईत नाही, आणि त्याचं वाईट वाटणं अगदी रास्त आहे. याच शहरात 2017 साली सीसीआयच्या, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, कोर्टवर मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा भरली आणि आर्यना साबालेंका ती जिंकली. पुढे तीच जगात पहिल्या क्रमांकावर गेली. जे शहर अशा खेळाडूंना बोलावू शकतं, त्याने आपल्या नोकरदार बाईला आठवड्यातून एक तास द्यायला हवा, असं मलाही मनापासून वाटतं. फक्त तो तास इथे कुठल्या पाटीवर लिहिलेला सापडत नाही, विचारत विचारत काढावा लागतो.

पत्रात तुम्ही "घराजवळ" हा शब्द चार वेळा लिहिलाय. तो का, ते समजतं. मुलगा, डबे, सकाळची धांदल. पण तुमचं ऑफिस कुठे आहे ते बघा. नरिमन पॉइंटपासून कूपरेज चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि तिथे महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेचं जी. ए. रानडे टेनिस सेंटर आहे. तुम्ही रोज त्याच्या जवळून जाता आणि कोर्ट मात्र मालाड-बोरिवलीत शोधताय. आठवड्यातून एक दिवस सहाच्या सुमाराची लोकल पकडली तर बसायलाही मिळेल, सात ते आठ खेळ, मग आवरून ऑफिस. किंवा शनिवारी. तिथे मोठ्यांसाठी कोणता तास आहे, कोर्ट तासावर मिळतं का, हे एखाद्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर समक्ष जाऊन विचारा. आणखी पुढे नेपियन सी रोडवर समुद्राला लागून प्रियदर्शिनी पार्क आहे, नागरिकांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. टेनिसची कोर्ट तिथेही आहेत. आणि घराच्या बाजूलाच हवं असेल तर अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल तुमच्या स्टेशनापासून पाचव्या स्टेशनावर आहे. ते महापालिकेचं, म्हणजे तुमच्या-माझ्या कराच्या पैशांचं. तिथे पहिली चक्कर मारा.

चक्कर मारा, असं मुद्दाम म्हणतेय. फोन करू नका. फोनवर तुम्ही काय विचारत असाल ते मला माहीत आहे, कारण मीही तेच विचारत होते : "मेंबरशिप मिळेल का?" किंवा "मोठ्यांची बॅच आहे का?" या दोन्ही प्रश्नांना "नाही" हे खरं उत्तर असतं, आणि ते देणाऱ्याला फोन ठेवायची घाई असते. मी 44व्या वर्षी रॅकेट हातात घेतली. एका मैदानाच्या ऑफिसातून फोनवर तीनदा नकार मिळाल्यावर एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला सरळ जाऊन उभी राहिले. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला. एक ग्राउंड्समन स्पंजचा रोलर कोर्टवरून ओढत होता, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, कडेला साचलेलं पाणी रोलरमध्ये शिरत होतं आणि जाळीपाशी आला की तो रोलर पिळून घेत होता. कोर्ट कुणासाठी वाळवताय, असं विचारलं. म्हणाला, "साडेतीनच्या बॅचसाठी. आता काय, नऊला पोरं गेली की साडेतीनपर्यंत कुत्रं फिरकत नाही." मला हवी असलेली माहिती त्या एका वाक्यात होती. मी ऑफिसात जाऊन मेंबरशिपचा शब्दही काढला नाही. "मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते अकरा कोर्ट रिकामं असतं ना? त्या तासाचं भाडं किती?" एवढंच विचारलं. समोरच्या गृहस्थांनी वही काढली. पुढची तीन वर्षं तो तास माझा होता.

हे सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. जवळजवळ प्रत्येक कोर्टवर सकाळी आणि संध्याकाळी मुलांच्या बॅचेस असतात, कारण कोर्टाचा खर्च त्यांच्या फीवर निघतो. त्या वेळा तुम्हाला मिळणार नाहीत, त्यावरून भांडूही नका. पण बॅच सुटल्यानंतरचा पहिला तास, रविवारी दुपारी चारच्या आधीची वेळ, शाळांच्या परीक्षा चालू असतानाचे पंधरा दिवस, या फटी असतात. त्या फोनवर सांगितल्या जात नाहीत, कारण कुणी विचारत नाही. वेळेचं नाव घेऊन विचारा. आणि प्लेओसारख्या ॲपवर एकदा बघून ठेवा, हल्ली बरीच खासगी कोर्ट तिथे तासावर दिसतात, कधी कधी चौथा गडी शोधणारेही भेटतात.

आता जोडीदाराचं. तुमचा खरा अडसर हाच आहे असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. 600 रुपयांचं कोर्ट मिळालं होतं की! ते सुटलं ते समोर कुणी नसल्यामुळे. चौघी असत्या तर वाट्याला 150 रुपये आले असते, म्हणजे मुलाच्या एका पिझ्झ्यापेक्षा कमी. तेव्हा कोर्टाच्या आधी माणसं जमवा. आणि चौघींच्या खेळाला सहा जणी धरा. एकीच्या सासूबाई आजारी पडतात, एकीचं ऑडिट निघतं, आणि तिसऱ्या आठवड्यात दोघीच उरतात, मग गट मोडतो. सहा असल्या की चार येतातच. बायकाच हव्यात असंही नाही. तुमच्या बँकेत, मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी, आणि हो, त्या मुलांच्या बॅचेसच्या वेळी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईबापांत बघा. तासभर मोबाइल चाळणाऱ्या त्या पालकांतला एखादा तरी कधीकाळी खेळलेला असतो. आणखी एक जागा म्हणजे स्पर्धा. सीसीआयवर 2024 आणि 2025 च्या फेब्रुवारीतही महिलांची मुंबई ओपन झाली. अशा स्पर्धेला दुपारच्या वेळी, ऑफिसला दांडी मारून, पात्रता फेरीचे सामने बघायला जी माणसं येतात ती तुमचीच माणसं आहेत. बोलायला लागा.

पहिले काही आठवडे कुणीच मिळालं नाही, तर मार्करची चौकशी करा. बऱ्याच कोर्टांवर पैसे घेऊन समोर खेळणारे मार्कर असतात, त्यातले काही वर्षानुवर्षं तिथेच घडलेले. आठवड्याला अर्धा तास त्यांच्याशी नॉक केलं तरी हात वळायला लागतो. आणि या माणसांना कुठला गट कधी खेळतो, कोणाला चौथा हवाय, हे सगळं माहीत असतं.

सोसायटीच्या कोर्टाकडे मात्र पाठ फिरवू नका. पिकलबॉल खेळणारे तुमचे शत्रू नाहीत. त्यांच्यामुळे निदान त्या जागेवर गाड्या लागल्या नाहीत. टेनिसची जाळी मधोमध 3 फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते. पिकलबॉलची मधे 34 इंच आणि कडेला 36 इंच. म्हणजे मधे दोनच इंचांचा फरक. टेनिसच्या रेषा एका रंगात, पिकलबॉलच्या दुसऱ्या रंगात, आणि पिकलबॉलला चाकांवरची हलवता येणारी जाळी, एवढ्यावर दोन्ही खेळ एकाच जागेवर नांदतात. कमिटीकडे तक्रारीचा अर्ज न देता वेळापत्रकाचा अर्ज द्या : आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेसहा ते आठ टेनिस, सहा सभासदांच्या सह्यांसकट. सहा सह्या ही गोष्ट महत्त्वाची, कारण कमिटीला एकटीचा छंद दिसला की ती तो बाजूला ठेवते. कमिटीने ताटकळत ठेवलं तर वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय मांडा. टेनिसच्या जुन्या जाळीचा गुंडाळा पंपरूममध्ये पडला असेल, आधी तो बघून घ्या.

मेंबरशिपसाठी पीएफ? माझं उत्तर नाही असं आहे, निदान आज तरी. 16 वर्षांनी तुम्ही कोर्टवर उतरणार, खांदा आणि गुडघे काय म्हणतात ते अजून कळायचंय, आठवड्यातून किती वेळ निघतो ते कळायचंय. लाखो रुपये भरून बसलात, तर खेळ हे कर्ज होईल, आणि ज्या रविवारी जमणार नाही त्या रविवारी मन खात राहील. वर्षभर तासावर खेळा. मग वाटलं तर विचार करा, आणि तेव्हाही पैसे भरण्याआधी त्या क्लबमध्ये कोर्ट किती, पावसाळ्यात किती महिने बंद, सभासदाला आठवड्यातून प्रत्यक्षात किती तास मिळतात, हे तिथल्या जुन्या सभासदाला विचारा, ऑफिसला नको. त्याआधी एक सोपी गोष्ट करा. तुमच्या बँकेच्या एचआरला विचारा की कुठल्या क्लबची कॉर्पोरेट मेंबरशिप बँकेकडे आहे का, आणि आंतरबँक स्पर्धांसाठी टेनिसची टीम आहे का. मोठ्या बँकांत अशा गोष्टी असतात आणि साहेब लोकांपलीकडे त्यांची कुणाला खबर नसते.

यजमानांचं बॅडमिंटन मनावर घेऊ नका. त्यांना तुमची हालचाल व्हावी असं वाटतंय, आणि तुम्हाला हवाय तो वडिलांनी शिकवलेला खेळ. दोन्ही वेगळं आहे हे त्यांना सांगितलंत का? पत्रावरून वाटतं, नाही सांगितलेलं. एकदा त्यांना बॉल टाकायला सोबत न्या.

शरीराचं थोडक्यात. माळ्यावरच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तिच्यात विणलेल्या तारा, 16 वर्षांत मेलेलं असणार, ते नवीन करून घ्या, ताण जरा कमी ठेवायला सांगा म्हणजे कोपराला त्रास कमी होतो. ग्रिप बदला. धावायचे बूट चालणार नाहीत, त्यात आडवं सरकताना घोटा मुरगळतो, कोर्टसाठीचेच घ्या. पहिले दोन महिने हिरव्या ठिपक्याचे बॉल वापरा. ते नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण 25 टक्के मंद असतात, लहान मुलांचे म्हणून लाजू नका. रॅली टिकते, दम पुरतो, खांदा वाचतो. सुरुवातीची दहा मिनिटं दोघींनी सर्व्हिस बॉक्सच्या, म्हणजे जाळीलगतच्या चौकोनांच्या, आतच खेळा. आणि कोर्ट मिळेपर्यंत भिंत आहे. सोसायटीच्या पोडियमवर खिडकी नसलेली एक भिंत शोधा, जमिनीपासून 3 फुटांवर खडूने आडवी रेघ मारा, ती झाली जाळी. वॉचमनला आधी सांगून ठेवा, आणि दुपारी दोन ते चार वामकुक्षीची वेळ सोडा.

या सदराला येणाऱ्या बऱ्याच पत्रांत शेवटी हाच प्रश्न असतो की आमच्या करातून झालेली मैदानं आमची का नाहीत. त्याला एक सरळ वाट आहे. मुंबईतल्या बऱ्याच जिमखान्यांच्या आणि क्रीडासंस्थांच्या जमिनी सरकारी भाडेपट्ट्यावरच्या किंवा महापालिकेच्या आहेत. माहितीचा अधिकार कायदा 2005 सालचा आहे, अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात तक्रार लिहू नका, तीन गोष्टी मागा : जमीन कोणत्या अटींवर दिली, सभासद नसलेल्या नागरिकांसाठी काही वेळ राखून ठेवायची अट आहे का, आणि मंजूर दरपत्रक काय आहे. ती कागदपत्रं हातात घेऊन गेलेल्या माणसाशी काउंटरवरची भाषा बदलते. याला महिने लागतील, आणि ते तुमच्या एकटीचं काम नाही. ते सहा जणींचा गट झाला की हाती घ्या.

मुंबईबाहेरच्या वाचकांनी आधी आपल्या जिल्हा क्रीडासंकुलात जाऊन बघावं. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, 2018 ते 2023 या काळात तिथे एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधली, महाराष्ट्र ओपन झाली. तेही सरकारीच आहे, बाहेरूनच बघून परतू नका. आणि जिल्ह्याच्या गावी अजूनही एखादा ऑफिसर्स क्लब सापडतो, जिथलं कोर्ट गवताने भरलेलं असतं आणि कुणीतरी मुरूम टाकून रोलर फिरवायची वाट बघत असतं.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. या आठवड्यात गटिंग आणि भिंत. पुढच्या शनिवारी अंधेरी, त्यानंतर एका संध्याकाळी कूपरेज. महिनाभरात सहापैकी निदान तीन नावं. पावसाला अजून वेळ आहे, उघड्यावरच्या कोर्टांना जूनपर्यंत हाताशी दिवस आहेत.

वडील आता सत्तरीपुढे असतील. ते मुंबईला येणार असतील, तर तो रविवार आधीच बुक करून ठेवा. बेसलाइनच्या मागे सावलीत एक खुर्ची टाकून द्या. तुमचा बॅकहँड ते बघितल्याबरोबर ओरडतील, आणि चौघी खेळायला लागलात की पॉइंट मोजायलाही एक माणूस लागतोच.